सल्ला कोणाचा, फी कोणाची



जुन्नर-आंबेगावात पावसाचा दुष्काळ अनेकदा पडला असेल, सल्ल्याचा कधी पडला नाही. टोमॅटोवर करपा दिसला की कृषी सेवा केंद्राचा मालक सल्ला देतो, आणि औषध त्याच्याच कपाटातून निघतं. माल कुठं न्यावा हे आडत्या सांगतो; माल आपल्याच गाळ्यावर उतरावा असं त्याला वाटतं. कर्ज कुठलं घ्यावं हे बँकेतले साहेब सांगतात, त्यांच्या डोक्यावर मार्चअखेरचं विम्याचं टार्गेट असतं. शीतगृह बांधावं का, हे सांगायला प्रकल्प अहवालवाला येतो आणि त्याची फी मंजूर होणाऱ्या अनुदानाच्या टक्क्यांत ठरलेली असते. यातलं कोणी लबाड आहे असं मी म्हणत नाही. बरेच जण चांगले जाणकार आहेत. पण यांच्यातल्या एकालाही ‘सध्या काही करू नका’ हा सल्ला परवडत नाही.

माझं पोट त्या एका सल्ल्यावरही चालतं. मी कुठल्या मोठ्या कंपनीचा नाही, स्वतंत्रपणे व्यवस्थापन सल्लागाराचं काम करतो. कार्डावर तसं छापलंय. तरी गावात गेलो की अर्ध्या लोकांना मी लेखापरीक्षक वाटतो आणि उरलेल्यांना आयकरवाला, त्यामुळे पहिला चहा जरा उशिरा येतो.

हा धंदा तसा जुना आहे. फ्रेडरिक टेलर या अमेरिकन इंजिनिअरनं १८९३ मध्ये सल्लागार म्हणून स्वतंत्र कामं घ्यायला सुरुवात केली. कारखाना शास्त्रशुद्ध कसा चालवावा हे सांगणाऱ्यांचा तो मूळपुरुष. बेथलेहेम स्टील कंपनीनं त्याला १८९८ मध्ये बोलावलं आणि १९०१ मध्ये काढून टाकलं. या इतिहासानं मला वेळोवेळी धीर दिलाय. आपल्याकडे शरू रांगणेकरांनी भारतीय मॅनेजरांना स्वतःवर हसायला शिकवलं. त्यांचं ‘इन द वंडरलँड ऑफ इंडियन मॅनेजर्स’ कुठल्या ग्रंथालयात सापडलं तर जरूर वाचा. १९८२ मध्ये पुण्यात वित्तसंस्था आणि बँकांनी मिळून मिटकॉन उभी केली, ती लहान उद्योजकाला तांत्रिक सल्ला मिळावा म्हणून.

पण स्वतंत्र सल्लागार कशाला म्हणतात हे तुम्हाला सांगायला पुण्याहून कोणी येण्याची गरज नव्हती. तुमच्या द्राक्षबागांत तो केव्हाच आलाय. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग डिपिंग, मग विरळणी, या वेळापत्रकानं तो बागेत येतो. एकरी फी ठरलेली असते. तो काडी बघतो, पानदेठ तपासायला पाठवा म्हणतो, घडातले मणी मोजतो आणि पुढच्या पंधरवड्यात काय करायचं ते वहीत लिहून जातो. बागायतदार ती वही जपून ठेवतो, कारण त्या पानासाठी त्यानं पैसे मोजलेले असतात. फुकट ऐकलेलं कोणी लिहून ठेवत नाही. आणि ज्याच्या शब्दाला बागेत खरी किंमत आहे तो सल्लागार बहुतेक वेळा एखादी फवारणी वाचवून जातो. यातल्या काहींनी पुढे स्वतःच्या नावाची टॉनिकं विकायला काढली. त्या दिवशी ते दुकानदार झाले. दुकान चालवण्यात गैर काहीच नाही, पण मग बागेत आल्याची फी मागू नये.

याच द्राक्षानं २०१० मध्ये एक मोठा धडा शिकवला. आपल्या मालात क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. बागेत ज्याला लिहोसिन म्हणतात तेच हे, वेलीची वाढ रोखण्यासाठी वर्षानुवर्षं वापरात असलेलं. कंटेनर अडकले, निर्यातदार आणि बागायतदार दोघंही पोळले. माल गोड होता, मण्याचा आकार बरोबर होता, रंग बरोबर होता. हजारो मैलांवरच्या प्रयोगशाळेत कुठला रेणू शोधला जातोय याच्यावर धंदा अडला. आज जो कोणी उद्योग चालवतो त्याच्यापुढचा पेच हाच आहे: काम स्वतःच्या शिवारात करायचं आणि निकाल दुसरीकडे लागायचा.

कांद्याचंच घ्या. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क आलं. ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, शुल्क राहिलं. ते पुरतं जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. ओतूरच्या किंवा आळेफाट्याच्या व्यापाऱ्यानं या काळात कसलं पाच वर्षांचं नियोजन करायचं? टोमॅटोची तऱ्हा त्याहून वेगळी नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव मिळाला आणि वर्तमानपत्रांनी करोडपती शेतकऱ्यांचे फोटो छापले. सप्टेंबर येता येता तोडणीची मजुरी सुटेना. जुलैचे फोटो पाहून ज्यांनी रोपं लावली त्यांचे फोटो कोणी छापले नाहीत.

अशा वेळी मालक सल्लागाराला विचारतो, ‘पुढच्या वर्षी भाव काय राहील?’ या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस दिसला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. आपण उलट विचारायचं: भाव निम्म्यावर आला तर पगार किती महिने देता येतील? तिसऱ्या हिश्श्यावर आला तर कुठलं कर्ज आधी थकेल? त्या कर्जाला घरातल्या कोणाची जमीन तारण आहे? या प्रश्नांची उत्तरं मालकाकडे असतात. त्यानं ती स्वतःशी मोठ्यानं उच्चारलेली नसतात, एवढंच.

नारायणगावच्या परिसरातच शॅटो इंडाजची गोष्ट घडली. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं इथं फेसाळती वाइन बनवली, ‘ओमर खय्याम’ या नावानं ती परदेशात विकली. त्या काळात हे धाडस साधं नव्हतं आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पुढे कंपनीचं नाव इंडाज व्हिंटनर्स झालं, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियातले वाइनचे उद्योग विकत घेतले गेले, तेवढ्यात २००८ ची मंदी आली. देणी वाढत गेली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात कंपनी अवसायनात काढण्यापर्यंत पोचलं. वाइन कशी करावी हे सांगणारा माणूस फ्रान्सहून आणता येतो. विस्ताराचा वेग आपल्या भांडवलाला झेपतोय का, हे विचारणारा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. बहुधा तो लेखा विभागातच बसलेला असतो. त्याला बैठकीत बोलू देणं हे नेत्याचं काम.

माझ्या कामातला मोठा भाग म्हणजे जे आतल्या माणसाला ठाऊक आहे ते बैठकीत आणून ठेवणं. एका घरच्या दूधप्रक्रिया धंद्यात मला बोलावलं होतं. दोघे भाऊ, निर्णय थोरल्याचा, सही धाकट्याची, जमीन आईच्या नावावर. दुपारभर पनीरच्या नफ्यावर चर्चा झाली. चहाचे कप उचलता उचलता थोरल्या वहिनी म्हणाल्या, “पनीरचं जाऊ द्या हो, दिवाळीपासून घरात वह्या दोन झाल्यात.” पुढचं सगळं काम त्या एका वाक्यावर झालं. पदवी घेणाऱ्या मुलींना मुद्दाम सांगतो, आपल्याकडच्या किती तरी धंद्यांचा खरा ताळेबंद बाईच्या डोक्यात असतो आणि संचालक मंडळात तिचं नाव केवळ कागदापुरतं असतं. तुमच्या घरचा धंदा असेल तर नुसत्या सहीवर समाधान मानू नका. वही मागा.

नेतृत्वाचा अभ्यास करायचा तर परदेशातल्याच कंपन्यांची उदाहरणं कशाला हवीत, हा माझा जुना तक्रारीचा सूर आहे. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावच्या यात्रा कमिट्या सुपारी ठरवायला येतात. फडमालकाचा धंदा समजून घ्या. कलावंतांना हंगामाआधी उचल द्यायची, ती बहुतेकदा स्वतः कर्ज काढून. गाड्या, तंबू, जनरेटर, पन्नास-शंभर माणसांचं रोजचं जेवण. उत्पन्नाचा मोठा वाटा यात्रांच्या थोडक्या दिवसांत कमवायचा, आणि कमिटीतले पाटील घासाघीस करण्यात पटाईत. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांत करोनामुळे यात्राच झाल्या नाहीत. उचल गेलेली, सुपारी नाही, तरी माणसं धरून ठेवायची. विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देतं, ते योग्यच आहे. तुमच्यापैकी कोणी एखाद्या फडाच्या एका हंगामाचा जमाखर्च नीट मांडला, तर तो वाचायला मी स्वखर्चानं येईन.

आता तुमच्या उपयोगाचं बोलतो. शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद कायद्यात २००२ मध्ये आली. केंद्रानं २०२० मध्ये अशा १०,००० संस्था उभ्या करण्याची योजना आणली. तिच्यात प्रत्येक संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. व्यवस्थापकाचा आणि हिशेबनीसाचा पगार त्यातूनच निघतो. मग चौथं वर्ष उजाडतं. संचालक शेतकरी आहेत, मालाची पारख त्यांना पक्की आहे. पण खेळतं भांडवल, जीएसटी, वार्षिक विवरणपत्रं, खरेदीदाराशी करार, हे कोणी बघायचं? पुण्यातली मोठी सल्लागार कंपनी या कामाला येणार नाही. तिची एका दिवसाची फी शेतकरी कंपनीच्या महिन्याच्या खर्चाएवढी असते. या पोकळीत शिरायला तुमच्यासारखा माणूस हवा. सात गावांच्या पठारावरचा बटाटा, वेफर कंपन्यांशी होणारे करार, हे तुम्ही लहानपणापासून बघत आलात. करारातलं प्रतवारीचं कलम कुठं बोचतं हे तुम्हाला कोणी शिकवावं लागणार नाही.

संस्थेवर विश्वास टाकायची रीत या मातीत नवी नाही. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत बांबूकाम करणारे, कासार यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवी ठेवल्याची नोंद आहे, जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची. ठेव कोणाकडे, कशासाठी, हे दगडावर कोरून सगळ्यांसमोर ठेवलेलं. आजच्या काही संस्था वार्षिक सभेत अहवाल मिनिटभरात ‘मंजूर, मंजूर’ करून टाकतात, त्यांनी एकदा लेणी बघून यावं.

तुमच्यातल्या काहींना वाटत असेल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली, सल्लागाराचं काय काम? अहवाल लिहिणाऱ्याचं काम खरंच कमी होणार आहे, आणि मला त्याचं फारसं दुःख नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात डेलॉइटसारख्या बलाढ्य संस्थेला ऑस्ट्रेलिया सरकारची काही रक्कम परत करावी लागली, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं केलेल्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले. चकचकीत अहवाल आता कोणालाही मिळेल. पहाटे संकलन केंद्रावर उभं राहून फॅट मोजणाऱ्या मुलाला ‘हे यंत्र शेवटचं कधी तपासलं?’ असं विचारायला मात्र माणूसच जावा लागेल.

हे काम घ्यायचं ठरवलंत तर दोन-चार गोष्टी पाळा. कामाआधी फी लिहून घ्या, थोडी असली तरी घ्या, नाही तर तुमचं बोलणं कट्ट्यावरच्या गप्पांत जमा होईल. अनुदानाच्या, कर्जाच्या किंवा विक्रीच्या टक्क्यांत फी घेऊ नका. ज्याच्याकडून यंत्र घ्यायला सांगता त्याच्याकडून दिवाळीचा डबासुद्धा घेऊ नका. सासऱ्याच्या धंद्याला सल्ला देऊ नका. का ते लग्न झाल्यावर कळेल. आणि एखादं गिऱ्हाईक गेलं तरी घर चालेल इतपत दुसरी कामं हाताशी ठेवा. ज्याला काम गमावण्याची भीती असते तो खरं बोलायला कचरतो, मग पदवी कितीही मोठी असो.

शेवटी एक गृहपाठ, कारण आज प्राध्यापक तो देणार नाहीत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर १०० रुपये भरले की कुठल्याही नोंदणीकृत कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं पाहता येतात. आपल्या तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी निवडा. तिचा गेल्या वर्षीचा ताळेबंद काढा, वाचा, न कळलेल्या जागांवर खुणा करा, आणि सोमवारी तो कागद घेऊन तिच्या अध्यक्षांना भेटायला जा.