महामारी, विद्यापीठ आणि शुल्काचा प्रश्न : चंदीगडचा धडा



मार्च 2020 मध्ये देशातील विद्यापीठांच्या दारांना कुलपे लागली. चंदीगडच्या सेक्टर 14 मधील पंजाब विद्यापीठाचे विस्तीर्ण आवारही ओस पडले. ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि क्रीडांगणे बंद झाली. पंजाबच्या माळवा भागातून, हरियाणातून आणि हिमाचलच्या डोंगराळ तालुक्यांतून आलेली मुले-मुली वसतिगृहे सोडून गावी परतली. अध्यापन मोबाईलच्या पडद्यावर सुरू झाले. एक गोष्ट मात्र थांबली नाही. नव्या सत्राबरोबर शुल्काची मागणी आलीच.

ज्या ग्रंथालयात पाऊल टाकता आले नाही, जी प्रयोगशाळा पाहता आली नाही, तिचे पैसे कशासाठी द्यायचे, असा प्रश्न तेथील विद्यार्थी संघटनांनी विचारला. प्रश्न रास्त होता. परंतु त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे. लोकांची रोजी-रोटी बुडालेली असताना एका सार्वजनिक विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या खिशात हात घालण्याची पाळी का यावी? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय पहिल्याचे उत्तर अपुरे राहते. इतकेच नव्हे, तर चळवळ चुकीच्या घोषणेच्या मागे जाण्याचा धोकाही निर्माण होतो.

पंजाब विद्यापीठ 1882 साली लाहोरला स्थापन झाले. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास यांच्यानंतरचे ते देशातील चौथे विद्यापीठ. फाळणीने त्याचेही दोन तुकडे केले आणि भारतात आलेला भाग पुढे चंदीगडला स्थिरावला. 1966 च्या पंजाब पुनर्रचना कायद्याने त्याला आंतरराज्य संस्थेचा दर्जा मिळाला. पुढे हरियाणा आणि हिमाचल प्रदेश त्यातून बाहेर पडले. खर्चाचा भार केंद्र आणि पंजाब सरकार यांच्यावर आला आणि तेव्हापासून एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्याचा खेळ चालत आला. विद्यापीठाची आर्थिक स्थिती 2016 साली इतकी खालावली की पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाला स्वतःहून तिची दखल घ्यावी लागली.

या दुखण्यावर औषध कोणते शोधले गेले? 2017 साली शुल्कवाढ जाहीर झाली. काही अभ्यासक्रमांत ती 1100 टक्क्यांपर्यंत गेली. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीचे सुमारे 5 हजारांचे शुल्क एकदम 50 हजारांवर नेण्याचे ठरले. 11 एप्रिल 2017 रोजी विद्यार्थी कुलगुरूंच्या कार्यालयावर गेले तेव्हा त्यांच्यावर पाण्याचे फवारे, अश्रुधूर आणि लाठ्या चालल्या. साठाहून अधिक विद्यार्थ्यांवर गुन्हे दाखल झाले आणि त्यांत राजद्रोहाचे कलमही घालण्यात आले. फी वाढवू नका, ही मागणी राजद्रोह ठरली! देशभर निषेध झाल्यावर ते कलम मागे घ्यावे लागले आणि शुल्कवाढीलाही काही प्रमाणात कात्री लागली. परंतु विद्यापीठ चालवण्याचा भार विद्यार्थ्याच्या कुटुंबावर सरकवण्याचे धोरण कायम राहिले. महामारी आली ती या पार्श्वभूमीवर.

विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थ्याला काय मिळते, याचा हिशेब महामारीपूर्वी फारसा कोणी मांडला नव्हता. बसायला जागा, डोक्यावर पंखा, रात्री अभ्यासाला दिवा, संगणक, पुस्तक आणि शंका विचारायला शिक्षक हे सारे सामाईक असते. शेतमजुराची मुलगी आणि अधिकाऱ्याचा मुलगा एकाच बाकावर बसतात. वर्ग ऑनलाईन होताच ही सामाईक मालमत्ता नाहीशी झाली आणि प्रत्येकाने आपापल्या घरात आपापले विद्यापीठ उभारावे, असा हुकूम निघाल्यासारखे झाले. फोन, रिचार्ज, वीज, शांत खोली, सारे ज्याचे त्याने पाहायचे.

आणि घरे कशी होती? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या 75 व्या फेरीत ग्रामीण भागातील 100 कुटुंबांपैकी जेमतेम 15 कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली. शहरांत 42 कुटुंबांकडे. संगणक ग्रामीण भागात 100 पैकी 4 घरांत आणि शहरांत 23 घरांत होता. ज्या घरात एकच फोन आणि तो घेऊन बाप कामावर जातो, त्या घरातील मुलीची हजेरी कोठे लागणार? म्हणजे ऑनलाईन शिक्षणात खर्च कमी झाला असे म्हणणे अर्धसत्य आहे. संस्थेचा काही खर्च घटला, विद्यार्थ्याचा वाढला. खर्चाने केवळ खिसा बदलला.

सरकारांनी आणि न्यायालयांनी यावर काय केले? विद्यापीठ अनुदान आयोगाने मे 2020 मध्ये विद्यापीठांना पत्र लिहून शुल्काच्या बाबतीत विद्यार्थी-पालकांच्या अडचणी ध्यानात घेण्याची विनंती केली. पत्रात सहानुभूती होती. विद्यापीठांना ती सहानुभूती परवडावी यासाठी अनुदान नव्हते. शाळांचा वाद चंदीगडमध्येच बसणाऱ्या उच्च न्यायालयात गेला. 30 जून 2020 रोजी एकसदस्यीय पीठाने, ऑनलाईन वर्ग घेतले असोत वा नसोत, खासगी शाळांना शिकवणी शुल्क घेण्याची मुभा दिली. 1 ऑक्टोबरला खंडपीठाने ती मर्यादित केली. ज्या शाळांनी वर्ग घेतले त्यांनाच शुल्क घेता येईल, आणि कर्मचाऱ्यांना, कंत्राटी कर्मचाऱ्यांनासुद्धा, नियमित वेतन द्यावे लागेल, असे त्याने सांगितले. पुढे 3 मे 2021 रोजी राजस्थानातील खासगी शाळांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020-21 च्या वार्षिक शुल्कात 15 टक्के कपातीचा आदेश दिला आणि न दिलेल्या सुविधांचे पैसे घेणे ही नफेखोरी होय, असे बजावले. महाराष्ट्र सरकारनेही 12 ऑगस्ट 2021 रोजी शाळांसाठी 15 टक्के कपातीचा आदेश काढला.

हे निकाल शाळांपुरते होते. तरीही त्यांतील तर्क विद्यापीठाच्या प्रश्नाला उपयोगी पडतो. 15 टक्के हा आकडा कोठून आला? शाळा बंद असल्याने डिझेल, वीज, पाणी, कागद यांवरील संचालकांचा जो खर्च वाचला, त्याच्या अंदाजातून. त्याच काळात पालकांवर जो नवा खर्च पडला, तो या बेरजेत कोठेच नाही. नफेखोरीला लगाम घालणे स्वागतार्हच आहे. पण ज्या हिशेबात फक्त मालकाची बचत मोजली जाते आणि कुटुंबाचा बोजा मोजला जात नाही, तो हिशेब कष्टकऱ्यांचा नव्हे.

येथेच घोषणेचा प्रश्न येतो. ‘सेवा मिळाली नाही, पैसे परत करा’ ही घोषणा सहज तोंडी येते आणि तिने तात्कालिक सवलत मिळूही शकते. परंतु तिच्यात विद्यार्थी हा गिऱ्हाईक आणि विद्यापीठ हे दुकान, असे गृहीत धरलेले असते. एकदा हे मान्य केले की वर्ग पुन्हा भरल्यावर, नव्या इमारती आणि नवी यंत्रे आल्यावर, सेवा वाढली म्हणून दाम वाढवण्याचा अधिकारही मान्य करावा लागतो. या घोषणेतील दुसरा दोष अधिक गंभीर आहे. अनुदान न वाढता शुल्क घटले तर तूट प्रथम कोणाच्या अंगावर पडते? तासिका तत्त्वावरील शिक्षकाच्या, कंत्राटी सफाई कामगाराच्या, वसतिगृहाच्या खानावळीत राबणाऱ्याच्या. म्हणजे विद्यार्थ्याची सवलत कामगाराच्या ताटातून काढली जाते आणि ज्यांनी एकत्र लढायचे ते समोरासमोर उभे केले जातात. शासक वर्गाला याहून सोयीचे काय असू शकते?

श्रीमंत देशांतील अनुभवही हेच सांगतो. ब्रिटनमध्ये इंग्लंडच्या विद्यार्थ्यांकडून वर्षाला 9,250 पौंडांपर्यंत शुल्क घेतले जात होते. वर्ग पडद्यावर गेल्यावरही सरकारने सरसकट परतावा देण्यास नकार दिला. नोव्हेंबर 2020 मध्ये मँचेस्टर विद्यापीठाने वसतिगृहांभोवती कुंपण घातले, तेव्हा विद्यार्थ्यांनी ते उखडून टाकले आणि सामूहिकपणे भाडे रोखून 30 टक्के कपात मिळवली. एकट्या-दुकट्या गिऱ्हाइकाच्या तक्रारीला जे मिळाले नाही, ते संघटित कृतीने मिळाले.

महामारीची अडचण ही दुसऱ्या कोणाला संधी वाटत होती, हेही नजरेआड करता येणार नाही. टाळेबंदी चालू असतानाच 17 मे 2020 रोजी केंद्रीय अर्थमंत्र्यांनी देशातील पहिल्या 100 विद्यापीठांना ऑनलाईन अभ्यासक्रम आपोआप सुरू करण्याची परवानगी जाहीर केली. 2021 मध्ये एखाद्या अभ्यासक्रमाचा 40 टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाईन शिकवण्याचा आराखडा पुढे आला. त्याआधीच, 2017 पासून, उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था विद्यापीठांना अनुदानाऐवजी कर्ज देऊ लागली होती. कर्ज फेडायचे तर शुल्क वाढवायचे आणि शिक्षक-इमारतींचा खर्च टाळायचा तर वर्ग पडद्यावर न्यायचे, अशी ही साखळी आहे. तंत्रज्ञानाला विरोध करण्याचे कारण नाही. ते अध्यापनाला पूरक म्हणून वापरायचे की अध्यापकाला आणि आवाराला पर्याय म्हणून, एवढाच वाद आहे.

मराठी वाचकाला येथे एका योगायोगाची आठवण व्हावी. ज्या ऑक्टोबर 1882 मध्ये लाहोरला हे विद्यापीठ स्थापन झाले, त्याच महिन्यात पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे आपले निवेदन सादर केले. सरकारी तिजोरी शेतकऱ्याच्या घामाने भरते आणि शिक्षणावरील तिचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे जातो, हे त्यांचे म्हणणे होते. त्यांचा भर प्राथमिक शिक्षणावर होता, कारण त्या काळी रयतेची मुले विद्यापीठाच्या दारापर्यंत पोचतच नव्हती. तिथपर्यंत पोचायला पुढच्या पिढ्यांना लढे द्यावे लागले. आणि ती दारात पोचताच राज्यसंस्थेला अचानक उच्च शिक्षण महाग वाटू लागले! शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के खर्च व्हावा, ही कोठारी आयोगाची 1966 ची शिफारस अजून कागदावरच आहे.

शुल्क ठरवतो कोण, हाही याच लढ्याचा भाग आहे. पंजाब विद्यापीठाच्या सिनेटची निवडणूक 2020 मध्ये महामारीचे कारण सांगून पुढे ढकलण्यात आली. ऑक्टोबरअखेर जुन्या सिनेटची मुदत संपली आणि निवडून आलेल्या प्रतिनिधींवाचून विद्यापीठ बराच काळ चालले. ऑक्टोबर 2025 मध्ये तर केंद्राने सिनेटचा आकारच आक्रसणारी अधिसूचना काढली. विद्यार्थ्यांच्या पाठीशी शेतकरी संघटना उभ्या राहिल्या आणि नोव्हेंबरमध्ये केंद्राला ती मागे घ्यावी लागली. 2017 मध्ये विद्यार्थी लाठ्या खात होते तेव्हा ही व्यापक एकजूट नव्हती. दिल्लीच्या सीमांवरील वर्षभराच्या किसान आंदोलनाने ती घडवली. पंजाबच्या शेतकऱ्याला उमगले की बाजार समितीवरचा घाला आणि मुलाच्या विद्यापीठावरचा घाला यांमागचा हात एकच आहे.

म्हणून पक्षसभासदांनी विद्यार्थी आघाडीवर काम करताना मागण्यांचा क्रम नीट मांडला पाहिजे. संकटकाळात न वापरलेल्या सुविधांचे शुल्क माफ व्हावे. ती तूट शासनाने अनुदानातून भरून काढावी. एकाही शिक्षकाचे वा कंत्राटी कामगाराचे वेतन त्यासाठी कापले जाऊ नये. दूरस्थ अध्यापन सक्तीचे झाल्यास साधन आणि जोडणी पुरवण्याची जबाबदारी शासनाची असावी. आणि शुल्काचा प्रत्येक निर्णय निवडून आलेल्या प्रतिनिधींसमोर व्हावा. यांतील पहिली मागणी विद्यार्थ्याला त्याच्या अडचणीतून चळवळीकडे आणते. बाकीच्या त्याला शिक्षक, कामगार आणि शेतकरी यांच्याशी जोडतात. पहिलीवरच थांबणारी चळवळ सवलत मिळाली की विसावते.

विद्यापीठांचे वर्ग पुन्हा भरले आहेत. परंतु खर्च घराघरांवर ढकलण्याची जी युक्ती त्या काळात साधली, ती पुढच्या संकटाची वाट पाहत बसणार नाही. तिला उत्तर देणारी संघटना शांततेच्या दिवसांतच बांधावी लागेल.