वास, दाह आणि धास्ती



अध्यक्षपदाची ही वेळ मी एकाच विषयासाठी वापरणार आहे. ताजा रंग, फिनेल, अत्तर, छपाईची शाई यांचा वास आला की काही माणसांचे डोके धरते, छाती दडपते, मळमळू लागते. शेजारी बसलेल्याला मात्र काहीच होत नाही. शिकागोचे डॉक्टर थेरॉन रँडॉल्फ यांनी 1950 च्या दशकात अशा रुग्णांकडे लक्ष वेधले. 1987 मध्ये मार्क कलन यांनी ‘मल्टिपल केमिकल सेन्सिटिव्हिटी’ हे नाव दिले. तेव्हापासून एकच वाद घातला जातो: हे खरे, की मनाचे खेळ? माझ्या मते हा प्रश्न मांडण्यातच चूक आहे आणि त्यामुळे आपल्या चाचण्याही अपुऱ्या पडतात. शरीर नेमके कशाने बिथरते, वासाने, दाहाने की धास्तीने, हे ज्या चाचणीतून वेगळे काढता येत नाही, तिच्या निकालावर कोणाचीही बाजू उभी राहू शकत नाही.

वास आणि दाह यांच्या वाटा शरीरातच वेगळ्या आहेत. वास गंधतंतूतून कळतो. नाकाडोळ्यांची चुरचुर, झोंबणे ही ट्रायजेमिनल तंतूची कामे. एका नाकपुडीत रसायनमिश्रित हवा आणि दुसरीत स्वच्छ हवा सोडून ‘कोणत्या बाजूने आले?’ असे विचारावे. नुसता वास असेल तोवर माणूस अंदाजपंचेच बाजू सांगतो. झोंबू लागले की अचूक सांगतो. त्या व्यक्तीची दाहाची पातळी अशी हाती लागते. वास कळण्याची आणि दाहाची, या दोन पातळ्यांचा क्रमही ठरलेला नाही. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास तो झोंबण्याच्या कितीतरी आधी येतो, तर मिथाइल आयसोसायनेट वास कळण्याआधीच डोळ्यांना झोंबते. 1984 मध्ये हाच वायू गळाला त्या रात्री भोपाळमधली माणसे कोणीतरी मिरच्या जाळल्यासारखे वाटून जागी झाली होती. तेव्हा वास आला म्हणजे अपाय झाला असे धरता येत नाही, आणि वास नाही म्हणून निर्धास्तही राहता येत नाही.

आता पुराव्याकडे येऊ. औषधाच्या चाचणीत खरी गोळी आणि साखरेची गोळी सारखी दिसली की काम भागते. इथे रुग्णाचे नाकच गुपित फोडते. म्हणून स्टॉडेनमायर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पेपरमिंट, दालचिनी यांसारख्या तीव्र वासांखाली रसायनाचा वास झाकला. 20 रुग्ण, बंद कक्ष, 145 चाचण्या. त्यांपैकी 54 वेळा रसायन सोडलेच नव्हते. रसायन असताना रुग्णांनी ते सुमारे 33 टक्के वेळा ओळखले, आणि नसताना सुमारे 35 टक्के वेळा त्रास झाल्याचे सांगितले. पुढे 2006 मध्ये दास-मुन्शी, रुबिन आणि वेसली यांनी अशा 37 अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हाही हेच निघाले: रसायन आहे की नाही हे ओळखता आले की त्रास होतो, वास नीट झाकला की दोन्हींत फरक उरत नाही.

इथे थांबून ‘म्हणजे मनाचेच’ असे म्हणणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. स्वीडनमध्ये ईवा मिल्क्विस्ट यांनी वासाने खोकला येणाऱ्या रुग्णांना मिरचीतले कॅप्सायसिन हुंगवले. त्याला स्वतःचा वास नसतो, तरी हे रुग्ण निरोगी माणसांपेक्षा जास्त खोकले. निदान या गटात दाह टिपणारे तंतूच हळवे झालेले दिसतात. बेल्जियममधील ल्युव्हेन इथे ओमर व्हान डेन बर्ग यांच्या गटाने घाण वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड जास्त असलेली हवा दिली. नंतर साध्या हवेत तोच वास आला तरी काहींचा श्वास बदलला, तक्रारी उमटल्या. ही शरीराने शिकलेली प्रतिक्रिया आहे. तिला ढोंग म्हणणे अन्याय आहे, आणि वैद्यकदृष्ट्या चूकही, कारण तोच वास त्या हवेविना पुन्हा पुन्हा दिला की ती ओसरतानाही दिसली.

रुग्णांच्या बाजूचे आक्षेप मला वजनदार वाटतात. पेपरमिंटच काहींना झोंबते, कक्षातला वेळ थोडा असतो, त्रास कधी दुसऱ्या दिवशी उमटतो. हे मान्य करून चाचणी सुधारता येते. ती टाळण्याचे हे कारण होत नाही. दुसरी भीती अशी, की असे निष्कर्ष कंपन्यांच्या पथ्यावर पडतील. तारापूर किंवा डोंबिवलीच्या रहिवाशाने वासाची तक्रार केली की त्याला ‘अतिसंवेदनशील’ ठरवून मोकळे होता येईल. ही भीती रास्त आहे. पण कक्षातली मोजून दिलेली अल्प मात्रा आणि धुराड्यातून सुटलेला वायू यांची सांगड घालताच येत नाही. तिथे आधी हवा मोजायची, माणूस नंतर.

म्हणून माझी सूचना अशी. प्रत्येकाची वासाची आणि दाहाची पातळी आधी मोजावी, मग संशयित पदार्थ त्या पातळ्यांच्या खाली आणि वर, नाकाला चिमटा लावून व न लावता, मध्ये पुरेसे दिवस सोडून द्यावा. नुसते विचारू नये. श्वासाचा वेग आणि खोकल्याच्या उबळी मोजाव्यात. निकाल कारखान्याच्या मालकाआधी रुग्णाच्या हाती पडावा, आणि ‘मानसिक’ असा शेरा मारून तो कागद मिटू नये: कोणत्या पातळीला, नाक उघडे की बंद असताना, काय झाले आणि काय झाले नाही, एवढे त्यावर स्पष्ट लिहिलेले असावे.