उत्तरायण केव्हा सुरू होते?



मकरसंक्रांतीला तिळगूळ देता-घेता घरोघरी एक वाक्य हमखास उच्चारले जाते : आजपासून उत्तरायण लागले, आता दिवस तिळातिळाने वाढणार. संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. दिवस मात्र २२ डिसेंबरच्या सुमारासच वाढू लागलेला असतो. मग मधल्या तेवीस-चोवीस दिवसांचा हिशेब कसा लावायचा? त्यासाठी ऋतू का होतात आणि दिवस लहान-मोठा का होतो, येथूनच आरंभ करावा लागेल.

सूर्य जवळ आला की उन्हाळा आणि दूर गेला की हिवाळा, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांचीही असते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या प्रारंभी, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. आणि सर्वांत दूर जाते ती जुलैच्या प्रारंभी, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. म्हणजे काश्मीर थंडीने काकडत असतो, नेमका तेव्हाच सूर्य अधिक निकट असतो! त्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियात कडक उन्हाळा असतो. ऋतू जर अंतरामुळे घडते, तर साऱ्या पृथ्वीवर एका वेळी एकच ऋतू नांदला असता.

खरे कारण आहे पृथ्वीचा कललेला आस. तो सुमारे २३.४ अंशांनी कललेला असून त्याचे उत्तर टोक वर्षभर ध्रुवताऱ्याच्याच दिशेला रोखलेले असते. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकतो, तर डिसेंबरमध्ये सूर्यापासून दूर कलतो. याचे परिणाम दोन. सूर्य माध्यान्ही जितका उंच चढेल, तितके ऊन थोड्या जागेत एकवटते. आणि तो क्षितिजावर अधिक काळ राहिल्याने जमीन तापायला अवधीही अधिक मिळतो. हिवाळ्यात याच्या उलट घडते.

पुण्याचेच उदाहरण घ्या. तेथे सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. जसजसे उत्तरेकडे जावे, तसतसा हा फरक वाढतो. श्रीनगरला मोठा दिवस सुमारे १४ तास २५ मिनिटांचा, तर लहान दिवस दहा तासांहूनही कमी. कन्याकुमारीला मात्र या दोहोंत जेमतेम तासाभराचे अंतर. सूर्य सर्वाधिक उत्तरेला असतो जूनमध्ये. मग महाराष्ट्र मे महिन्यातच का होरपळतो? कारण पुण्याच्या थेट डोक्यावर सूर्य येतो तो मेच्या मध्यास, आणि जूनमध्ये मान्सूनचे ढग त्याला झाकून टाकतात.

सूर्याची ही ये-जा आपल्या पूर्वजांनी बारकाईने न्याहाळली होती. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरात किरणोत्सव होतो तो नोव्हेंबरच्या ९, १० व ११ या तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला. मावळतीची किरणे या दिवसांत गाभाऱ्यात शिरतात. दोन्ही काळांतील अंतर मोजून पाहा. २१-२२ डिसेंबर जवळजवळ बरोबर मध्यावर येतो! दक्षिणेकडे सरकणारा सूर्य ज्या ठिकाणी मावळला, परतीच्या वाटेवर तो पुन्हा त्याच ठिकाणी मावळतो. सूर्य परत फिरतो तो डिसेंबरमध्ये, याची साक्ष हे मंदिर दरवर्षी देत असते.

मग संक्रांत मागे का राहिली? पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय मंद गतीने डोलतो. एक डोल पुरा व्हायला सुमारे २५,८०० वर्षे लागतात. त्यामुळे ताऱ्यांच्या संदर्भात अयनबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकतो. आपली रूढ पंचांगे निरयन, म्हणजे ताऱ्यांशी बांधलेली. ऋतू मात्र सायन, म्हणजे अयनबिंदूंशी बांधलेले. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होती. पुढे अंतर पडत गेले. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा आणि त्या दिवशी तारीख होती १२ जानेवारी १८६३. आज संक्रांत १४-१५ जानेवारीला येते. हीच गती राहिली, तर सुमारे बाराशे वर्षांनी ती फेब्रुवारीत पोहोचेल.

ही गोष्ट सांगितली की परंपरेवर आघात झाला, असे काहींना वाटते. त्यांनी वराहमिहिराकडे पाहावे. पूर्वीच्या शास्त्रांत दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यापासून आणि उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभापासून सांगितले आहे. आता मात्र ती कर्काच्या व मकराच्या आरंभापासून होतात, असे त्याने सहाव्या शतकात बृहत्संहितेत स्पष्ट नोंदवून ठेवले. एवढेच सांगून तो थांबला नाही. प्रत्यक्ष निरीक्षण करून पडताळा घ्यावा, असेही त्याने सुचविले. जुने वचन आणि आकाश यांत भेद दिसला, तेव्हा त्याने आकाशाला प्रमाण मानले. परंपरा म्हणतात ती हीच!

स्वतंत्र भारतानेही हे काम हाती घेतले. १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, आणि २२ मार्च १९५७, म्हणजे १ चैत्र शके १८७९ पासून, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिचे वर्ष ऋतूंशी जोडलेले आहे. हे आपलेच सौर कालमापन घरात किती जण वापरतात, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

संक्रांतीचा सण अवश्य साजरा व्हावा. त्यातील स्नेह तारखेवर अवलंबून नाही. पण मुलांना उत्तरायण शिकवायचे, ते काठीच्या सावलीवरून शिकवावे. पुण्यात एक मीटर उंचीची काठी सरळ उभी करा. २२ डिसेंबरला माध्यान्ही तिची सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरेल, २१ मार्चला सुमारे ३३, आणि मेच्या मध्यास ती नाहीशी होईल. २१ जूनला जेमतेम ८-९ सेंटिमीटरची सावली पडेल, आणि तीही दक्षिणेकडे! आपल्या ज्योतिर्विदांनी शंकू रोवून हेच केले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या प्रत्येक शाळेच्या अंगणात येत्या डिसेंबरात एक काठी उभी राहावी आणि मुलांनी सावलीच्या टोकाशी खूण करून तारीख लिहावी.