हक्क केव्हा जन्मतो?

पैसा हाती पडण्याआधीच तो कायद्याने आपला झालेला असू शकतो. यालाच ‘उपार्जित होणे’ म्हणतात.

मुंबईच्या ई. डी. ससून कंपनीचा खटला घ्या. ही कंपनी कापड गिरण्यांची व्यवस्थापन एजंट होती. 1943 साली, वर्ष संपायच्या आतच, तिने या एजन्सी दुसऱ्यांच्या हवाली केल्या. मग त्या वर्षीच्या कमिशनवर कर कोणी भरायचा? 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल दिला: करारानुसार कमिशन पूर्ण वर्षाचे होते, म्हणून ससूनने काही महिने काम केले असले तरी तिचा कमिशनवर हक्क जन्मलाच नव्हता. काम करणे आणि हक्क जन्मणे यांतला हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

कारण घरच्या व्यवहारांतही हक्क केव्हा जन्मतो यावरच सारे ठरते. ‘मागेन तेव्हा दे’ अशा वचनचिठ्ठीवर कुणाला पैसे दिलेत, तर दाव्याची 3 वर्षांची मुदत मागणीपासून नव्हे, चिठ्ठीच्या तारखेपासूनच सुरू होते. पैसे मागायला संकोचणारी भली माणसे नेमकी इथे अडकतात. म्हणून मुदत संपण्याआधी कर्जाची लेखी, सहीनिशी कबुली घ्या. त्या सहीच्या दिवसापासून 3 वर्षे पुन्हा नव्याने मोजली जातात.