पहिले तीन सामने

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





अशा प्रसंगी शिक्षकाने निकालाची टक्केवारी सांगावी आणि मुलांना चार हिताच्या गोष्टी सांगाव्यात, अशी अपेक्षा असते. मी आज कबड्डीविषयी बोलणार आहे. टक्केवारीचा विषय त्यातूनच पुढे येईल.

आपल्या खांब, कोलाड, नागोठणे, रोहा, पेण ह्या पट्ट्यात कबड्डी कोणाला शिकवावी लागत नाही. भातकापणी आटोपली की गावोगाव मैदाने आखली जातात, दिवे लागतात आणि रात्र रात्र सामने चालतात. खेळणारे चौदा असतात, पण मैदानाबाहेर बसलेला प्रत्येक जण प्रशिक्षक असतो. संघ दोन सामने हरला की तिसऱ्याच्या आधीच निवाडा होतो. "नवा शिकवणारा कुचकामी आहे," "त्या पोराला उगाच घेतला," असे बोलले जाते. हा निवाडा किती लवकर करावा आणि कशाच्या आधारावर करावा, एवढाच माझा आजचा विषय आहे. त्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एका संघाचे उदाहरण घेऊ.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. पुण्याचा पुणेरी पलटण हा संघ पहिल्यापासून तीत आहे. पहिल्या आठ हंगामांत हा संघ एकदाही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही. २०१९ च्या सातव्या हंगामात तर बारा संघांत त्याचा दहावा क्रमांक लागला. आठव्या हंगामात तो बाद फेरीत गेला, पण पहिलाच सामना हरून परतला. त्यानंतर २०२२ च्या नवव्या हंगामासाठी बी. सी. रमेश हे नवे प्रशिक्षक आले. २०१९ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली बंगाल वॉरियर्सने विजेतेपद मिळवले होते. संघाने इराणचा नामांकित बचावपटू फजल अत्राचली याला १ कोटी ३८ लाख रुपयांना घेतले. साहजिकच लोकांच्या अपेक्षा वाढल्या.

आणि झाले काय? पहिल्या सामन्यात पाटण्याशी ३४-३४ अशी बरोबरी झाली. दुसऱ्या सामन्यात बंगळुरूकडून ३९-४१ असा पराभव झाला. तिसऱ्यात गुजरातने ४७-३७ असे हरवले. नवा प्रशिक्षक, महागडा खेळाडू, तीन सामने आणि एकही विजय नाही. त्या हंगामाच्या नियमाप्रमाणे विजयाला पाच गुण, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास एक गुण मिळत असे. म्हणजे पंधरापैकी चार गुण पलटणच्या पदरात पडले. आपल्या घटक चाचणीच्या भाषेत बोलायचे तर मुलगा नापास.

आता हीच उत्तरपत्रिका जरा शिक्षकाच्या नजरेने तपासू. निव्वळ एकूण गुण पाहून जो पेपर बाजूला ठेवतो, त्याने पेपर तपासला असे मी म्हणत नाही. कोणता प्रश्न सुटला आणि कोणता चुकला, हे पाहिले पाहिजे. ह्या तीन सामन्यांत पलटणने ११० गुण मिळवले आणि १२२ गुण दिले. म्हणजे दर सामन्यास सरासरी ३६ हून अधिक गुण मिळवले. ही काही दुबळ्या चढाईची खूण नव्हे. अस्लम इनामदार आणि मोहित गोयत ही तरुण जोडी काम करीत होती. गळती होती ती बचावात, कारण दर सामन्यास ४० हून अधिक गुण प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात जात होते.

बचावच का गळावा? विद्यार्थी मित्रांनो, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. चढाई एकट्याने करायची असते, पकड मात्र सर्वांनी मिळून. कोपऱ्यातल्या खेळाडूने पाय धरला आणि शेजारच्याने क्षणभर उशीर केला, की चढाई करणारा मध्यरेषेला हात टेकतो आणि त्याला धरायला गेलेले सगळे बाद होतात. म्हणून चांगला चढाईपटू नव्या संघात पहिल्या दिवशीही गुण आणू शकतो, पण बचावाच्या साखळीला दिवस लागतात. पलटणच्या साखळीत कर्णधार फजल इराणचा, अबिनेश नादराजन तामिळनाडूचा, संकेत सावंत आपल्या महाराष्ट्राचा. शब्द उच्चारण्याआधी एकमेकांची हालचाल ओळखावी लागते, आणि ती ओळख पैशाने विकत मिळत नाही.

चौथा सामना यू मुंबाशी होता. फजल आदल्या हंगामात त्याच संघातून खेळला होता. हा सामना पलटणने ३०-२८ असा जिंकला. ह्या आकड्याकडे नीट पाहा. पहिल्या तिन्ही सामन्यांपेक्षा संघाने कमी गुण मिळवले आणि तरीही तो जिंकला, कारण ह्या खेपेस त्याने २८ च गुण दिले. जो प्रश्न चुकत होता तोच सुटू लागला होता. त्यानंतरची हकिगत आपणांस ठाऊक असेल. साखळी फेरीच्या अखेरीस पलटण ८० गुणांसह दुसऱ्या क्रमांकावर होता. अस्लम आणि मोहित हे दोघेही नसताना त्याने तमिळ थलैवाजविरुद्धचा उपांत्य सामना ३९-३७ असा जिंकला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या अंतिम सामन्यात मात्र जयपूरने ३३-२९ असे हरवले.

येथेही लोक म्हणू शकले असते की, अखेर हरलेच ना! पण संघचालकांनी प्रशिक्षक बदलला नाही. पुढच्या हंगामात अस्लम इनामदार कर्णधार झाला. पलटणने साखळीतील २२ पैकी १७ सामने जिंकले, फक्त दोन गमावले, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाचा २८-२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान अस्लमला मिळाला. अहिल्यानगर जिल्ह्यातील टाकळीभान गावचा हा मुलगा. २०२३ साली हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही तो होता. तिसऱ्या सामन्यानंतर घाबरून सगळी मांडणी मोडली असती, तर ह्या मुलाच्या हाती तो चषक आला असता काय, याचा विचार करावा.

पालकहो, मी धीर धरा असे सांगतो आहे, पण डोळे मिटून धीर धरा असे म्हणत नाही. त्याच पलटणचे पुढचे वर्ष पाहा. २०२४ च्या हंगामात प्रशिक्षक तेच होते आणि संघ विजेता होता. पण अस्लम जखमी होऊन बाहेर पडला आणि संघ आठव्या क्रमांकावर घसरला. म्हणजे विजयाचे सगळे श्रेय जसे एकट्या प्रशिक्षकाचे नसते, तसा पराभवाचा सगळा दोषही एकट्याचा नसतो. पुढे संघाने प्रशिक्षक बदलला. अजय ठाकूर आले आणि २०२५ मध्ये पलटण पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत गेला. तेथे दिल्लीने त्याला ३१-२८ असे हरवले. तेव्हा बदल करणे हे पाप नाही. पूर्ण हंगाम पाहून केलेला बदल वेगळा आणि तीन सामन्यांनंतर घाबरून केलेला बदल वेगळा.

बी. सी. रमेश यांचे काय झाले? ते बंगळुरू बुल्सकडे गेले. हा संघ २०२४ मध्ये अगदी तळाला होता. २२ सामन्यांत त्याला अवघे दोन विजय मिळाले होते. नव्या प्रशिक्षकाच्या हाताखाली २०२५ चा हंगाम सुरू झाला आणि बुल्स पहिले तीनही सामने हरले! त्यांपैकी पहिला तर बरोबरीनंतरच्या जादा चढायांवर गेला, आणि तोही पलटणविरुद्धच. मैदानाबाहेरच्या प्रशिक्षकांनी तेव्हा काय म्हटले असेल, ते सांगायला नको. परंतु साखळीतील १८ सामने संपले तेव्हा हाच संघ तिसऱ्या क्रमांकावर होता. तोच माणूस, तीच संथ सुरुवात, आणि दोन्ही वेळा वर चढलेला संघ. एकदा घडले तर योगायोग म्हणता येईल. दोनदा घडले तर त्यात काही पद्धत आहे, हे मानले पाहिजे.

मुलींच्या पालकांसाठी आणखी एक उदाहरण मुद्दाम देतो. इराणचा महिला कबड्डी संघ २०१४ च्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात भारताकडून २१-३१ असा हरला होता. पुढे ह्या संघाने आपल्या नाशिकच्या शैलजा जैन यांना प्रशिक्षक म्हणून बोलावले. परका देश, परकी भाषा. ह्या बाईंनी कामापुरती फारसी शिकून घेतली आणि मुलींना योगासने व प्राणायाम शिकवला. सुमारे दीड वर्ष त्यांनी ह्या मुलींबरोबर मेहनत घेतली. २४ ऑगस्ट २०१८ रोजी जकार्ता येथे ह्याच इराणी मुलींनी भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक जिंकले. डोक्यावर स्कार्फ बांधून त्या खेळल्या आणि जिंकल्या. भारतीय म्हणून आपल्याला तो पराभव लागला, हे खरे. परंतु आपल्या घरातील एखादी मुलगी खेळू का म्हणून विचारते तेव्हा "आपल्यात हे चालत नाही" असे उत्तर देण्यापूर्वी तो सामना आठवावा, अशी माझी विनंती आहे.

आता घरच्या गोष्टीकडे वळतो. जूनमध्ये शाळा सुरू होते. ऑगस्टमध्ये पहिली घटक चाचणी होते, आणि तालुका पातळीवरचे शालेय सामनेही त्याच सुमारास असतात. नवे शिक्षक येऊन दोन महिने झालेले असतात. निकाल कमी लागतो, संघ पहिल्याच फेरीत बाद होतो आणि घरोघर निर्णय होऊ लागतात. कोणी म्हणतो शिक्षक बदला. कोणी नववीतल्या मुलाचे मैदान बंद करतो. कोणी तर म्हणतो, "ह्याच्या डोक्यात काही शिरत नाही, कामाला लावू या." पहिले दोन निर्णय पुढे सुधारता येतात. तिसरा सहसा सुधारत नाही. एकदा गॅरेजवर किंवा दुकानावर बसलेला मुलगा पुन्हा बाकावर येऊन बसल्याची उदाहरणे मी फारच थोडी पाहिली आहेत. पहिल्या तीन सामन्यांवर निवाडा देण्याची खरी किंमत ही आहे, आणि ती प्रशिक्षकाला नव्हे, मुलाला मोजावी लागते.

मग पालकांनी करावे काय? निकाल हाती आल्यावर चार प्रश्न विचारावेत. पहिला, हार किती फरकाची होती? दोन गुणांची हार आणि दहा गुणांची हार ह्या एक नव्हेत. लीगच्या नियमानेसुद्धा त्यांत फरक केला होता. दुसरा, चुकले नेमके कोठे? सगळा विषय कच्चा आहे, की गणितातील फक्त अपूर्णांक? चढाई बरी असेल आणि बचाव गळत असेल, तर चढाईपटूला घरी बसवून काय होणार? तिसरा, तीच चूक पुढच्या खेपेस कमी झाली का? ह्या प्रश्नाचे उत्तर सलग नकारार्थी येत असेल, तर जरूर शाळेत या आणि जाब विचारा. तो तुमचा हक्क आहे. आणि चौथा प्रश्न मुलालाच विचारायचा: "सरावाला जावेसे वाटते का रे?" हरूनही जो मुलगा दुसऱ्या दिवशी मैदानावर येतो, जो कमी गुण मिळूनही वही घेऊन शिक्षकांकडे जातो, त्याचा हंगाम अजून संपलेला नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठीही एक शब्द. धीर पालकांनी धरायचा, पण त्या मुदतीत घाम तुम्ही गाळायचा. चौथा सामना पलटणला कोणी बक्षीस दिला नव्हता. तिसऱ्या आणि चौथ्या सामन्याच्या मधले दिवस त्यांनी वाया घालवले असते, तर पाचवा आणि सहावाही हातचा गेला असता. घटक चाचणी आणि सत्र परीक्षा यांच्या मधले दिवस तुमच्या हातात आहेत.

पालकांना माझी एकच विनंती आहे. पहिल्या चाचणीचा कागद घरी आला की त्यावर सही करावी आणि त्याच आठवड्यात एकदा शाळेत यावे. संध्याकाळी पाच वाजता मैदानाच्या कडेला अर्धा तास उभे राहावे. मूल कसे पडते आणि कसे उठते, हे डोळ्यांनी पाहावे. निर्णय दिवाळीनंतर करावा.