ढब्बू कुठे आहे?
(संस्थेच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही 'पाळलेल्या कासवाचा मृत्यू' असे लिहून दिले. त्यांनी कागद दोनदा वाचला. बँकेच्या परीक्षांवर बोलाल असे वाटले होते, म्हणाले. त्यावरही कधीतरी बोलू. जानेवारी २०२४ मध्ये आमच्या घरात जे घडले त्यात घरातले सगळेच सामील होते, म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो.

धाकटीच्या पाचव्या वाढदिवसाला, २०१८ साली, आम्ही एका दुकानातून कासवाचे पिल्लू आणले. पाच रुपयांच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार, डोळ्यांमागे लाल पट्टा. त्याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. मूळचे ते अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. आपल्याकडचे तारांकित कासव घरात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पण हे परदेशी पिल्लू दुकानात सहज मिळाले. 'टबात पाणी ठेवा, रोज चार दाणे टाका, काही त्रास नाही,' दुकानदार म्हणाला. आम्हीही ते ऐकून घेतले. स्कूटर घेताना चार जणांना विचारणारे आम्ही, जीव घेताना एकालाही विचारले नाही. त्याचे नाव ठेवले ढब्बू.

सहा वर्षांत ढब्बू तळहाताहून मोठा झाला. धाकटीच्या पावलांची चाहूल लागली की टबाच्या कडेशी येऊन मान वर काढायचा. भूक लागली म्हणून येतो, असे थोरला म्हणे. असेलही. आपणही घरी बऱ्याचदा त्याचसाठी येतो.

डिसेंबरात त्याने खाणे सोडले. नागपूरची थंडी, झोपत असेल, असे आम्ही म्हटले. मग पापण्या सुजल्या. मग तो पाण्यात एका बाजूला कलून तरंगू लागला, आणि तेव्हा आम्ही घाबरलो. सकाळच्या गारठ्यात टॉवेलात गुंडाळून, स्कूटरवर, त्याला जनावरांच्या एका दवाखान्यात नेले. तिथे कुत्र्यांची गर्दी. डॉक्टरांनी पाहिले, एक्स-रे काढू, इंजेक्शन देऊ, संध्याकाळपर्यंत ठेवा म्हणाले. धाकटी त्याला 'संध्याकाळी येते हं' असे सांगून शाळेत गेली.

चार वाजता फोन आला. आम्ही काउंटरवर, समोर पेन्शनवाल्यांची रांग. 'तुमचे कासव गेले. बॉडी नेता की आम्ही बघू?' आम्ही म्हणालो, 'तुम्हीच बघा.' आणि पुढचे पासबुक हातात घेतले.

त्या संध्याकाळी धाकटीला सांगितले की ढब्बू बरा झाला आणि डॉक्टरांनी त्याला फुटाळा तलावात सोडले. हे आम्हाला इतके सहज सुचले की आता लाज वाटते. पुढचे तीन रविवार तिने हट्टाने आम्हाला फुटाळ्यावर नेले. ती कठड्याशी उभी राहून पाण्याकडे बघायची आणि आम्ही तिच्याकडे. तिसऱ्या रविवारी थोरल्याला राहवले नाही. तो म्हणाला, 'कोणताही शहाणा डॉक्टर हे कासव तलावात सोडणार नाही. ते इथल्या कासवांच्या जिवावर उठते. जगातल्या शंभर उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे.' त्याचे म्हणणे खरे होते. धाकटीने आमच्याकडे वळून एवढेच विचारले, 'मग ढब्बू कुठे आहे?'

याचे उत्तर आमच्याजवळ नव्हते. तो गेला हे सांगता आले. कुठे आहे, ते आम्ही फोनवर चार शब्दांत घालवून बसलो होतो.

घरी आमच्या सौ. नी तिला किसा गोतमीची गोष्ट सांगितली. मोहरीचे दाणे मागत फिरलेली ती आई आपल्या सर्वांना ठाऊक आहे. धाकटीने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, 'पण तिचे बाळ तिच्याजवळ तरी होते.' त्यावर कोणी काही बोलले नाही.

तोवर आम्ही भेटेल त्याला सांगत होतो की डॉक्टरने कासव मारले. राग धरायला माणूस समोर असला की स्वतःकडे बघावे लागत नाही. बँकेत एक सहकारी हसून म्हणाले, 'कासवच ना? दुसरे आणा.' त्यांचे कुत्रे गेले तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. पण थंड रक्ताच्या जीवासाठी कोणी भेटायला येत नाही.

शेवटी धाकटीला घेऊन दवाखान्यात गेलो. भांडायचेच होते. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि एक्स-रे उजेडावर धरला. काळी दिसायला हवी होती ती फुप्फुसे पांढुरकी दिसत होती. न्यूमोनिया. कासव रोग फार दिवस लपवते. आपल्याला दिसतो तेव्हा बराच उशीर झालेला असतो. त्याच्या छातीत आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, त्यामुळे कफ खोकून टाकता येत नाही. त्याच्या अंगाची ऊब बाहेरूनच यायची. ऊब नसली की पचन मंदावते, रोगाशी लढण्याची ताकदही मंदावते. नुसत्या कोरड्या दाण्यांवर अ जीवनसत्त्व कमी पडते, म्हणून पापण्या सुजतात. आणि खिडकीच्या काचेतून येणारे ऊन आम्ही ऊन समजत होतो, त्यातले हाडांना लागणारे किरण काच अडवते. 'मग तुम्ही त्याला काय दिले?' धाकटीने विचारले. त्यांनी केसपेपर काढून औषधाचे नाव आणि वजनावरून काढलेली मात्रा वाचून दाखवली. 'त्याला आधी एक दिवस उबेत ठेवायला हवे होते,' तेही म्हणाले, 'मी एक्स-रेची घाई केली.' इतके कोण कबूल करते? आमचा राग तिथेच निम्मा झाला. निम्मा राहिला, तोही खोटे कशाला सांगा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर औषधाचे नाव आणि मात्रा जरूर विचारा. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. गुराढोरांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवाला प्राणघातक ठरते. शंका असेल तर शवचिकित्सा मागा. तोवर देह फ्रीजमध्ये गार ठेवायचा, गोठवायचा नाही. आणि कासव गेले हे ठरवायलाही वेळ द्यावा लागतो, कारण त्याचे हृदय बराच वेळ चालू राहते. आम्ही यातले काहीच विचारले नाही. देह महापालिकेच्या गाडीतून केव्हाच गेला होता.

निघताना धाकटीने एक्स-रे मागितला. डॉक्टरांनी पाकिटात घालून दिला. घरी आल्यावर तिने तो खिडकीच्या काचेला चिकटवला. सकाळी ऊन आले की त्यात ढब्बूची पाठ, मान आणि चारी पाय दिसतात. टब अजून मोरीत आहे. तो उचलावा की नाही, हे आम्ही तिच्यावर सोडले आहे.