आवडीचे पुस्तक

एखाद्याला त्याचे आवडते पुस्तक कोणते, असे विचारले म्हणजे तो प्रथम थोडा घुटमळतो. मनात एक नाव आलेले असते. ओठांवर येते ते दुसरेच. ज्ञानेश्वरी, गीतारहस्य ही नावे ठसठशीतपणे उच्चारली जातात; बाबूराव अर्नाळकरांचे नाव घेताना मात्र आवाज आपोआप खाली येतो. दिवाणखान्यातील कपाटात एक ग्रंथसंग्रह असतो आणि उशीखाली दुसरा. अभिरुचीचा विचार करायचा, तर तो उशीखालच्या पुस्तकापासून करणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

पुस्तक थोर असणे आणि ते आपले होणे, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. थोरवीला अनेकांची साक्ष लागते. आवडीला एकाची पुरते. मग पुस्तक त्या एकाला जिंकते ते कशाने? शैलीने, विचाराने, कथानकाने, अशी उत्तरे दिली जातात. ती खोटी नाहीत, पण अपुरी आहेत. कारण तीच शैली आणि तेच कथानक शेजारच्या माणसाला जांभया आणते.

दिल्लीच्या राज्यकारभारात मानाने वावरलेल्या एका मराठी माणसाचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले आणि त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली. पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचा अभ्यास, मग आय.सी.एस., १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री. महायुद्धाच्या धामधुमीत, चलनाच्या चिंता वाहणाऱ्या या गव्हर्नरांनी १९४४ साली प्रसिद्ध केला तो मेघदूताचा मराठी अनुवाद! कालिदासाने त्यांना का जिंकले, हे सांगण्याचा अधिकार त्यांचाच. परंतु शाळेतले संस्कृत कानांत मुरलेले, आणि काव्यात तर कुटज, कदंब, केतकी, जांभूळ यांची दाटी. त्या काव्याला आत येण्यासाठी किती दारे उघडी होती, हे सहज दिसते.

प्रत्येकाच्या घराची दारे निराळी असतात. मेघदूतातला यक्ष म्हणजे अखेर कोण? कुबेराच्या पदरचा एक सेवक. कामात हयगय झाली आणि वर्षभरासाठी घरापासून दूर रवाना झाला. बदलीचा हुकूम हाती पडलेल्या कोणाही सरकारी नोकराला त्याची ओळख करून द्यावी लागू नये. त्याचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे पुष्कळ विद्वान मानतात. तेथून निघालेला मेघ विदिशा, उज्जयिनी, कुरुक्षेत्र असा हिमालयाकडे जातो. म्हणजे दिल्लीच्या जवळूनच.

महाराष्ट्रातून दिल्लीला आलेला कारकून जूनच्या मध्यावर सरकारी वसाहतीतल्या आपल्या खोलीत बसलेला असतो. घरच्या पत्रात पाऊस सुरू झाल्याचे लिहिलेले असते. येथे खिडकीबाहेर लू वाहत असते. कॉलेजात त्याने मेघदूत परीक्षेपुरते वाचलेले असते. समास सोडविले, गुण मिळविले, आणि पुस्तक मिटले. तेच पुस्तक आज ट्रंकेच्या तळाशी हाती लागते आणि चार श्लोकांतच त्याचा गळा दाटून येतो. पुस्तक तेच आहे. मधल्या काळात वाचणाऱ्याच्या आयुष्यात एक जागा रिकामी झाली आहे आणि पुस्तक तिथे नेमके येऊन बसले आहे. फरक एवढाच, की त्याला आपला निरोप दक्षिणेकडे धाडायचा असतो.

मात्र नुसत्या रिकाम्या जागेने भागत नाही. मास्तरांनी ते श्लोक कधीकाळी घोकून घेतले नसते, तर दुःख असते आणि त्याला शब्द नसता. आवड आयुष्य घडविते हे खरे. पण तिचे बी आधी कोणीतरी पेरलेले असावे लागते.

दिल्लीतील मराठी घरांपुढचा प्रश्न इथेच आहे. या नगरीत १९५४ मध्ये साहित्य संमेलन भरले, २०२५ मध्ये पुन्हा भरले. पण संमेलनाचा मांडव उतरतो आणि घरातले कपाट उरते. इथल्या मुलाला हिंदीमुळे देवनागरी येते. लिपीची भिंत त्याच्यापुढे नाही. तरीही वडिलांचे आवडते पुस्तक त्याच्या हाती सक्तीने दिले, की ते बहुधा पहिल्या दहा पानांपुढे जात नाही. यात मुलाचा अपराध नाही आणि पुस्तकाचाही नाही. त्या मुलाची रिकामी जागा अजून व्हायची आहे, आणि ती वडिलांच्यासारखीच असेल असेही नाही. वडिलांना मेघदूताने जिंकले. त्याला कदाचित लक्ष्मीबाई टिळकांची स्मृतिचित्रे जिंकतील, कदाचित अर्नाळकरांचा झुंजार.

वडीलधाऱ्यांच्या हाती एवढेच आहे, की रात्री जेवणे झाल्यावर चार पाने मोठ्याने वाचावीत, अर्थासाठी अडून बसू नये, आणि कपाटाला कुलूप लावू नये. पुढे केव्हातरी, कोणत्या तरी दूरच्या गावी, त्या मुलालाही बदलीचा हुकूम येईल. त्या दिवशी त्याच्या ट्रंकेच्या तळाशी एखादे मराठी पुस्तक असले, म्हणजे झाले.